घोडा लंगडतोय, आता काय करायचं?

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी, जुहूच्या वाळूत किंवा आपल्याच गल्लीतून निघालेल्या वरातीत कधी ना कधी असा घोडा दिसतो की बघून पोटात तुटतं. बरगड्या मोजता येतात, एक पाय नीट टेकत नाही, खोगिराखाली काहीतरी ओलं चमकतंय. आपण मोबाइल काढतो, वीस सेकंदांचा व्हिडिओ घेतो, ग्रुपवर टाकतो. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. तोवर घोडा पुढचं गिऱ्हाईक घेऊन निघून गेलेला असतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मी पशुवैद्य नाही आणि वकीलही नाही. सुट्टीच्या दिवशी घोड्यांच्या तळावर जाऊन उभं राहण्याची सवय लागली आणि त्यातून चुकत चुकत काही गोष्टी शिकलो. नव्याने या कामात पडणाऱ्याला निदान त्याच चुका परत कराव्या लागू नयेत, म्हणून हा क्रम लिहितोय.

आधी लांबून बघा

दहा मिनिटं काहीही करू नका. बोलू नका, फोटो काढू नका, फक्त बघा. घोडा शिकार होण्याच्या भीतीने वाढलेला प्राणी आहे. अनोळखी माणूस जवळ आला की तो दुखणं लपवतो आणि ताठ उभा राहतो. लांबूनच खरं दिसतं.

नवख्या माणसाची पहिली फसगत पायांवरून होते. घोडा मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून उभा असेल तर तो आराम करतोय, जखमी नाही. पुढचा पाय मात्र असा पुढे काढून त्याच्यावर भार टाकायचं टाळत असेल, तर तिथे दुखतंय. उभ्या उभ्या डोळे मिटणं हेही नेहमीचंच, घोडा उभ्यानेच डुलकी काढतो. आडवा पडून झोपलेला घोडाही आजारीच असतो असं नाही. डोळ्यांवरची झापडं किंवा पायातले नाल यांचा आपल्याला राग येतो, पण ते दोन्ही स्वतःहून क्रूर नाहीत. सैल झालेला, खिळा वर आलेला किंवा झिजून वाकडा झालेला नाल मात्र नक्की टिपून ठेवा.

आता तो चालताना बघा, शक्यतो कडक जमिनीवर. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचं डोकं सांगतं: दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, बरा पाय टेकला की खाली येतं. एकदा ही लय डोळ्यात बसली की शंभर पावलांवरूनही चुकत नाही. मागच्या पायाचं दुखणं ओळखणं अवघड, तिथे दोन्ही पुठ्ठे सारखे वर-खाली होतात का ते मागून पाहावं लागतं.

अंगाची स्थिती पाहताना केवळ बरगड्यांवर जाऊ नका. चांगल्या घोड्याच्या बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांना फारशा दिसत नाहीत. कमरेची हाडं टोकदार, पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला, शेपटीच्या मुळाशी खड्डा, मान वरून खोलगट, एवढं सगळं एकत्र असेल तर उपासमार किंवा जुना आजार समजा. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजूनही हीच अवस्था होते. दाणा पुढ्यात असतो पण चावता येत नाही, लीद चाळली तर त्यात अख्खा हरभरा सापडतो. मालकाला शिव्या घालण्याआधी एकदा लीद बघा, हे मी गमतीने सांगत नाही.

आणि पाठ. खोगीर काढलेलं असेल तेव्हा पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात का? कुमैत (तांबूस-तपकिरी) किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर रुपयाएवढे पांढरे डाग म्हणजे बहुतेक वेळा जुन्या खोगीरजखमा, बऱ्या झाल्यावर तिथे रंग परत आलेला नसतो. त्या डागांशेजारी आजची ओली जखम असेल, तर हे आजकालचं नाही.

फक्त जास्त काम म्हणजे हाल असंही नाही. आपल्याकडे लहानपणीच कोडं घालतात: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? उत्तर एकच, फिरवला नाही म्हणून. अगाडी-पिछाडी बांधून आठवडेच्या आठवडे एका जागी उभा ठेवलेला घोडा, मग तो एखाद्या बंगल्यातला गुटगुटीत शोभेचा का असेना, हालातच असतो. त्याचे खूर लीद-मुतात कुजतात, पायांना दोरीचे व्रण पडतात, एकाच जागी डुलत राहण्याची किंवा लाकूड कुरतडण्याची खोड जडते. त्याच्यासाठी कुणी व्हिडिओ काढत नाही, कारण तो लठ्ठ दिसतो.

जवळ जाताना

मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून तिरप्याने, डाव्या खांद्याच्या बाजूने, तोंडाने काहीतरी बोलत जा. आधी मानेला हात, मग पुढे. मागून कधीच नाही.

नाकातून घट्ट, चिकट स्राव येत असेल, नाकपुडीत व्रण असतील किंवा पायावर गाठींची माळ दिसत असेल, तर हात लावू नका आणि लहान मुलांना लांब ठेवा. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसाला होतो. २००९च्या संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला देणं बंधनकारक आहे. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

बाकी वेळी तीन गोष्टी कुणालाही मोजता येतात. जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटाएवढी शीर लागते, तिथे पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणा. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. श्वास कुशीच्या हालचालीवरून मोजा, ८ ते १६. ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. नुकत्याच चढावरून आलेल्या घोड्याचे आकडे चढलेले असणारच. पण सावलीत अर्धा तास उभा राहूनही नाडी साठच्या खाली येत नसेल, तर काहीतरी बिनसलंय.

टेपने काढायचं वजन

शिंप्याची टेप पिशवीत ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. आलेला आकडा म्हणजे घोड्याचं अंदाजे वजन किलोमध्ये.

एका हिल स्टेशनवरच्या तट्टाचा घेर १४० आला, लांबी १३०. हिशेब केला: साधारण २१५ किलो. जाणकार पशुवैद्य सांगतात की स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास थांबावं. म्हणजे ४३ किलो. त्यातले सात-आठ किलो खोगिराचेच. उरलं काय, तर पाचवी-सहावीतलं पोर. आणि मी तिथे उभा असताना त्याच्यावर चढला होता एक भरभक्कम गृहस्थ, गळ्यात कॅमेरा, पुढ्यात नातू.

कायदा काय म्हणतो? ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने नियम केले. त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलो, खेचराच्या २०० किलो, गाढवाच्या ५० किलो ही कमाल मर्यादा आहे. ७० हा आकडा धडधाकट तट्टाचा कमाल आकडा आहे, अशक्त तट्टासाठी दिलेली सूट नाही, हे घोडेवाल्याला आणि पोलिसालाही सांगावं लागतं. त्याच नियमांत दिवसाचं काम नऊ तासांपेक्षा जास्त नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नको, असंही आहे. काटेरी लगाम किंवा टोचणारी कुठलीही वस्तू वापरायला मनाई आहे. या नियमांची छापील प्रत पिशवीत असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

घोडेवाल्याशी बोलणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मीही गाळायचो.

एकदा एका तळावर पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर, जखम दिसली. घोडेवाले मामा साठीचे असतील. मी म्हटलं, "मामा, याची पाठ बघू का जरा?"

"तुम्ही डॉक्टर हाय का?"

"नाही."

"मग बघून काय करणार?"

प्रश्न रास्त होता. मी गप्प बसलो, चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर मामांनी स्वतःच खोगीर उतरवलं. जखमेवर पोत्याची चौपदरी घडी ठेवलेली. त्यांच्या मते ती घडी जखमेला मऊ पडावी म्हणून, प्रत्यक्षात तीच सगळा भार नेमका जखमेवर आणत होती. खोगीर उलटं करून बघितलं तर दोन्ही बाजूंची गादी बसून पापडासारखी झालेली आणि पुढची कमान थेट हाडावर टेकलेली. खोगिराची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. इथे कागदही गेला नसता.

"चार दिवस बांधून ठेवा" असं सांगणं सोपं असतं. मामा म्हणाले, "बांधतो की. त्या चार दिवसांचं पीठ तुम्ही देता का?" यावर पैसे काढून देणं हा चुकीचा मार्ग. मी एकदा तसं केलं होतं, पुढच्या आठवड्यात तोच घोडा त्याच जखमेसह कामावर आणि शिवाय माझ्यापुढे आणखी दोन घोडेवाले हात पसरून. यावेळी खोगिराची गादी दोन्ही बाजूंनी नव्याने भरून घ्यायचा खर्च आम्ही तिघा मित्रांनी वाटून घेतला आणि तो थेट कारागिराला दिला. सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी येऊन जखम बघून गेले. मामांची दुसरी एक घोडी होती, तिच्यावर हलकी गिऱ्हाइकं, पांढऱ्याला रजा. जखम भरायला तीन आठवडे लागले. पोत्याची घडी मात्र मामांनी सोडली नाही. आता ती जखमेच्या जागी मोठं भोक पाडून घालतात, म्हणजे गोष्ट कळली होती.

यातून एक फरक शिकलो, तो सांगतो. काही हाल अज्ञानातून होतात, काही गरिबीतून, आणि काही निव्वळ निर्ढावलेपणातून. पहिल्या दोन्हींत पोलिसांकडे जाण्याआधी पशुवैद्य, नालबंद आणि खोगीर शिवणारा यांच्याकडे जा. पावसाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी धंदा बसतो, हातात पैसा नसतो, दाणा तुटतो आणि जनावर मोकळं सोडलं जातं. त्या दिवसांत कडबा किंवा हरभऱ्याचं भुसकट पोचवणं हे दहा तक्रारींपेक्षा उपयोगी पडतं. नालबंदाचंही तसंच. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात आणि चांगला नालबंद मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय. एका तळावरच्या सगळ्या घोड्यांसाठी मिळून नालबंद आणवला तर सगळ्यांनाच परवडतं.

तिसऱ्या प्रकारात बोलण्यात वेळ घालवू नका. लंगडत्या घोड्याला टाचा मारत पळवणारा, तोंडातून रक्त येईपर्यंत लगाम खेचणारा, पडलेल्या घोड्याला चाबकाने उठवणारा, यांना चहा पाजायची गरज नाही.

घोडा खाली पडलाय, तोवर

राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मारहाण चालू असेल, रस्त्यावर अपघात झाला असेल तर ११२. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय शंभराहून अधिक वर्षं जनावरांवर उपचार करतंय. गाव-तालुक्यात मात्र जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आधीच फोनमध्ये असायला हवा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही जागा नव्हे.

मदत येईपर्यंत गर्दी हटवा. पडलेल्या घोड्याच्या पायांच्या बाजूला उभं राहू नका, पाठीच्या बाजूने मानेपाशी बसा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सोडा, डोळ्यांवर ओढणी किंवा टॉवेल टाका, डोक्याची जमिनीकडची बाजू दगडावर घासत नाही ना ते बघा. शेपटी धरून ओढू नका.

उन्हाने कोसळला असेल तर अंगावर गार पाणी ओतत राहा, थांबू नका. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर तो आखडतो हा समज जुना आहे आणि त्यापायी घोडे मरतात. शुद्धीवर असेल, मान धरत असेल तर पाणी पिऊ द्या. एरवीही काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं. दिवसभर तळावर उभं राहून बादली कुठे दिसलीच नाही, तर तीच तुमची पहिली नोंद.

पोटशूळ हा घोड्याचा काळ. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटातलं संकट पोटातच वाढतं. पायाने जमीन उकरणं, वळून वळून कुशीकडे बघणं, लोळणं, घाम, लीद बंद, ही लक्षणं दिसली की खाणं काढून घ्या आणि डॉक्टर येईपर्यंत काहीही पाजू नका. बांबूच्या नळीने तेल, काढा, सोडा पाजायची पद्धत अजून आहे. तो घोट फुप्फुसात गेला तर पोट बरं होईल पण घोडा जाईल. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.

जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, लिटरला दोन चहाचे चमचे मीठ. जळकं ऑइल, डिझेल, चुना, बिडीची राख यांतलं काही लावू देऊ नका. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून खिळा रुतलेला असेल किंवा खोल जखम असेल तर लस झाली आहे का हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आणि उपाशी घोड्याला जेवू घालायची घाई करू नका. हे वाचायला निर्दयी वाटेल. आठवडेच्या आठवडे अन्न न मिळालेल्या घोड्याला एकदम पोटभर दाणा, गूळ, पोळ्या घातल्या तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन तो दोन-चार दिवसांत मरू शकतो. मूठ-मूठ गवत, दिवसातून अनेकदा, पाणी समोर, दाणा अजिबात नाही, पुढचं डॉक्टर ठरवतील.

पुरावा असा ठेवा की घोडा ओळखता येईल

माझी पहिली तक्रार दोन पानी होती. त्यात माझ्या भावना ओतप्रोत होत्या, घोडा मात्र नव्हता. ठाण्यातल्या हवालदारांनी वाचून विचारलं, "साहेब, तिथे चाळीस घोडे आहेत. कुठला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घोड्याचा रंग लिहा आणि घोडेवाल्यांचे शब्द वापरा: कुमैत, अबलख (पांढरे मोठे पट्टे असलेला), सब्जा (राखाडी-पांढरा), मुश्की (काळा), चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. कपाळावरचा टिक्का, कुठला पाय किती वरपर्यंत पांढरा, डाग कुठे. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे भोवरे. कपाळावर, मानेवर, छातीवर केस गोल फिरतात त्या जागा जन्मभर बदलत नाहीत. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला घोडे घ्यायला आलेले लोक हे भोवरे शुभ की अशुभ म्हणून वाकून वाकून बघतात, पायांकडे तेवढं कुणी बघत नाही. आपण तेच भोवरे ओळखपत्र म्हणून वापरायचे.

फोटो चार बाजूंचे चार, जखमेचा एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे जखम याच घोड्याची हे कळेल. जखमेशेजारी नाणं धरता आलं तर उत्तम. परवान्याचा बिल्ला, गाडीचा नंबर, आजूबाजूच्या दुकानाची पाटी. व्हिडिओ कापू नका, त्यावर गाणं चढवू नका, मूळ फाइल जपून ठेवा. तारीख, वेळ, जागा त्याच दिवशी वहीत लिहा. बघणारा आणखी कुणी असेल तर त्याचं नाव-फोन घ्या, तोही दुसऱ्या दिवशी विसरतो.

तक्रार

मुख्य कायदा १९६०चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याचं कलम ११ वाचून ठेवा. मारणं, अति पळवणं, अति ओझं लादणं एका पोटकलमात, जखमी, आजारी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला लावणं दुसऱ्यात, मालकाने पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं आणखी एकात, सोडून देणं वेगळंच. तक्रारीत नेमकं कुठलं ते लिहिलं की काम सोपं होतं.

शिक्षा ऐकून निराश व्हाल. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कितीतरी वर्षांपूर्वी हे आकडे लिहिले गेले आणि तिथेच थांबले. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलिस नोंद करून घेतील पण दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करणार नाहीत. "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळालं तर हुज्जत न घालता तीन गोष्टी शांतपणे सांगा. एक, अदखलपात्र असली तरी नोंद करून प्रत द्यावी लागते. दोन, याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलिस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडे तपासणीला पाठवू शकतो. तीन, घोड्याला कायमचं जायबंदी केलं असेल, विष घातलं असेल, मारून टाकलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. तिथे पाच वर्षांपर्यंतची कैद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे.

सगळ्यात महत्त्वाची अट कलम ३६ मध्ये लपली आहे: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे दाखल करता येत नाही. माझी दुसरी तक्रार चांगली लिहिलेली होती. ती एका कार्यालयाच्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात चार महिने गेले. त्यानंतर तक्रार दिल्या दिवशीच वहीत घटनेपासूनचा नव्वदावा दिवस लिहून ठेवतो आणि दर पंधरवड्याला पोच दाखवून विचारतो.

अर्ज एका पानाचा करा. प्रती तीन: पोलिस ठाणे, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी, आणि परवाना देणारी नगरपालिका किंवा नगरपरिषद. दंड पन्नास रुपये असला तरी परवाना निलंबित होणं घोडेवाल्याला खरोखर लागतं, त्यामुळे तिसरी प्रत बऱ्याचदा पहिल्या दोनपेक्षा लवकर चालते.

लग्नाची घोडी

इथे आपणच गिऱ्हाईक असतो, म्हणून हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. घोडी ठरवायला जाल तेव्हा ती दिवसा तिच्या ठाण्यावर जाऊन बघा. त्या दिवशी तिच्या किती वराती आहेत ते विचारा. मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेव, तिथून पुढे डीजेच्या भिंतीसमोर दोन तास, त्यात कानाशी फटाके आणि वर चढवलेली दोन-तीन भाचरं, हे कुठलंच जनावर सुखाने सोसत नाही. घोडी स्पीकरच्या पुढे लांब, फटाके बंद, पाण्याची बादली आपली, पाऊण तासात उतरायचं, हे बयाणा देतानाच बोलून घ्या. नाचऱ्या घोडीचा आग्रह धरू नका. ती पाय उचलते ते ताशाच्या तालावर खूश होऊन नव्हे, शिकवताना पायांना काय बांधलं होतं ते घोडेवाल्याला एकांतात विचारून बघा. गाभण घोडी अकरा महिने घेते, शेवटचे तीन महिने तिला वरातीत नकोच.

घोडा सुटला, पण जाणार कुठे?

जप्तीचा आग्रह धरण्याआधी हा प्रश्न सोडवा. बहुतेक पांजरपोळ गाईगुरांसाठी असतात. घोड्याला कुंपण, नालबंद, वेगळा चारा आणि रोज फिरवणारा माणूस लागतो. आधी फोन करून विचारा की घोडा ठेवतात का, लेखी घ्या. खटला चालू असताना जनावर कुठे ठेवायचं आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा यासाठी २०१७चे नियम आहेत. त्यांप्रमाणे देखभालीचा खर्च आरोपीकडून मागता येतो, हे वकिलाला न्यायालयात पहिल्याच तारखेला सांगायला लावा.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे सैर घडवणाऱ्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. निकाल योग्यच होता, असं माझं मत. डांबर-काँक्रीटवर, गर्दीत, खुराड्यासारख्या तबेल्यांत ते घोडे राहायचे. पण अशा वेळी मालकांच्या पोटाची सोय लांबली की घोडा शांतपणे दुसऱ्या गावी, स्वस्तात, आणखी वाईट धंद्यावर विकला जाण्याची भीती असते. म्हणून आमच्या वहीत जप्त किंवा निवृत्त घोड्याच्या नावापुढे एक रकाना आहे: 'शेवटचा पाहिला'. त्यात तारीख आणि जागा लिहायची. तीन महिन्यांत कुणी पाहिला नसेल तर कुणीतरी जाऊन बघून यायचं.

मामांच्या पांढऱ्याच्या पुढे गेल्या वेळची नोंद आहे. पाठीवर पांढऱ्यातही दिसेल असा नवा, मऊ केसांचा ठिपका, पुढचा उजवा नाल सैल, नालबंद गुरुवारी.